घडवणाऱ्याचा हिस्सा

वाशीम जिल्ह्याचा स्वतःचा असा नावाजलेला फुटबॉल क्लब नाही. गावोगावी कबड्डीची मंडळं आहेत, सुगी आटोपली की टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने रंगतात. फुटबॉल बहुतेक शालेय स्पर्धांपुरता, नाहीतर मोबाइलच्या पडद्यापुरता. पण पडद्यावरून लागलेला लळाही खराच असतो. या संवादातले मामा मंगरुळपीर तालुक्यातले निवृत्त क्रीडाशिक्षक. भाचा नवी मुंबईत नोकरीला, सुट्टीत समृद्धी महामार्गाने शेलूबाजारला उतरून आजोळी येणारा. दोघांचा क्लब एकच, मुंबई सिटी. जुंपते ती एकाच प्रश्नावर: क्लबने खेळाडू तयार घ्यावेत की घरी घडवावेत?

भाचा : मामा, आपल्या क्लबची अवस्था बघा. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ने हरवून इंडियन सुपर लीगचा कप आणला. त्याच वर्षी अपुइया त्याच मोहन बागानला गेला, राहुल भेके बंगळुरूला. २०२५ मध्ये बिपिन सिंग ईस्ट बंगालला, मेहताब सिंग मोहन बागानला. संघाचा कणाच गेला. माझं म्हणणं सरळ आहे. गेलेल्याच्या जागी त्याच तोडीचा तयार खेळाडू आणा. अठरा-अठरा वर्षांची पोरं उतरवून दोन हंगाम वाया घालवू नका.

मामा : तयार खेळाडू तयार कोणी केला, हे बी सांग ना बाप्पा.

भाचा : ते ज्याचं त्याला माहीत. पाठीराख्याला शनिवारी गुण पाहिजेत. २०२० आठवा. आदल्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. मग गोव्याहून कोच लोबेरा आले. त्यांच्यामागे बूमूस, जाहू, फॉल, मंदार राव देसाई, सगळे गोव्याचेच. नव्या पोरांवर भरवसा ठेवून बसले असते तर सहा वर्षं रिकाम्या हाताने फिरलेल्या क्लबला सातव्या वर्षी काय मिळालं असतं? त्या हंगामात गुणतालिकेत पहिलं येण्याची लीग शील्डही आली अन् कपही आला. सेमीफायनलला त्याच गोव्याला पेनल्टीवर बाहेर काढलं. त्याआधी नावं काय कमी मोठी आणली होती? ल्युंगबर्ग, अनेल्का, फोर्लान. पण ती नावं पोस्टरची होती. २०२० ची खरेदी संघाची होती.

मामा : मंग १३ मार्च २०२१ ची फायनल कोणी जिंकून दिली?

भाचा : बिपिनने. नव्वदाव्या मिनिटाला.

मामा : कशी, ते बी सांगतो. लांब बॉल आला, बागानचा गोलकीपर पुढं धावला अन् चुकला. ओगबेचेनं बॉल सोडवला, स्वतः मारायची घाई केली नाही, मधात सरकवला. बिपिन तिथं हजर होता. २-१. आता हा बिपिन २०१८ मध्ये आला तवा दोन हंगाम त्याचं नाव कोणी घेत होतं का? शिलाँग लाजाँगमध्ये वाढलेलं मणिपूरचं पोट्टं. बेंचवर बसलं, सराव केला, क्लबनं हाकललं नाही. तिसऱ्या हंगामात त्यानं ओडिशाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली अन् फायनल मारली. २०२४ च्या फायनलमध्ये बी त्याचा गोल होताच. तू ज्याले खरेदीचा कप म्हणतो, तो दोन वर्षं थांबल्याचा कप हाये.

भाचा : पण बाजूला ओगबेचे नसता तर? जाहूसारखा बॉल टाकणारा नसता तर? चांगल्या माणसांबरोबर खेळल्यावरच पोरं सुधारतात. हरणाऱ्या संघात अठरा वर्षांचा पोरगा टाकला की तो फक्त शिव्या खातो. मुंबईने तरुणही घेतलेच की. २०२० मध्ये अठरा वर्षांचा विक्रम प्रताप घेतला. २०२१ मध्ये नॉर्थईस्टकडून अपुइया घेतला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आदल्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू तोच. याला मी शहाणपणाची खरेदी म्हणतो. पोरगा हेरा, विकत घ्या, मोठ्यांच्या सोबत वाढवा.

मामा : हेरायले बी कोठीतरी पिकलेलं पाहिजे ना. तुमच्या लीगचा नियम काय? मैदानात परदेशी चार. म्हणजे सात भारतीय लागतातच. एवढे क्लब, प्रत्येकाले सात चांगले भारतीय पाहिजेत, अन् घडवणारे हातावर मोजण्याइतके. म्हणून तं हा ओढाताणीचा खेळ चालू हाये. आज बागान तुमचा अपुइया नेते, काल तुम्ही गोव्याचा अर्धा संघ नेला. माल तेवढाच, गिऱ्हाईक जास्त, म्हणून भाव वाढते. नवीन पोट्टं कोणी उभं केलं, ते सांग.

भाचा : फुटबॉल असाच चालतो, जगभर. छोटा क्लब घडवतो, मोठा नेतो.

मामा : मंग ऐझॉलची गोष्ट ऐक. खालिद जमील मुंबई एफसीचा, म्हणजे मुंबईतल्याच दुसऱ्या एका क्लबचा कोच होता, कितीक वर्षं. कमी पैशात संघ टिकवायचा. २०१६ मध्ये त्याले काढला. तो मिझोरामात ऐझॉलच्या क्लबले गेला, जाताना जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईतून सुटलेले पोट्टे बी गेले. बाकी बहुतेक तिथले मिझो पोट्टे. २०१६-१७ ची आय-लीग कोणी जिंकली? ऐझॉलनं. अन् त्याच हंगामात सगळ्यात खाली कोण होतं?

भाचा : मुंबई एफसी.

मामा : अन् तिथंच क्लब बंद पडला. ज्याच्यापाशी माणसं होती त्याले ती दिसली नाहीत. ज्याले दिसली तो विजेता झाला. अन् तोच जमील २०२५ मध्ये भारताचा कोच झाला.

भाचा : गोष्ट अर्धीच सांगितलीत. विजेतेपदानंतर लगेच जमील ईस्ट बंगालला गेले, त्या संघातले चांगले चांगले इकडे तिकडे पांगले. राणे एटीकेकडून खेळला, बंगळुरूला गेला, मग मुंबई सिटीत आला. ऐझॉलला त्यानंतर ती लीग जिंकता आली नाही. एखादं वर्ष चमत्कार होतो, मामा. दरवर्षी पाहिजे तर पैसा पाहिजे. आणि मालकाने पैसा काढून घेतला की काय होतं, ते महाराष्ट्राइतकं कोणी पाहिलेलं नाही. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. पुणे एफसी गेली. मुंबई एफसी गेली. डीएसके शिवाजीयन्स गेली. २०१९ ला एफसी पुणे सिटी गेली. ह्या सगळ्यांकडे पोरं होती. क्लबच राहिला नाही, तर पोरं घडवून काय करणार?

मामा : डीएसकेचं नाव काढलं, बरं केलं. छांगटे कुठला?

भाचा : मिझोरामचा. लुंगलेईचा.

मामा : अन् शिकला कुठं? पुण्यात. डीएसकेनं लिव्हरपूलचं नाव घेऊन अकॅडमी उघडली होती, तिथं. पोट्ट्याचं आय-लीगचं पदार्पण बी त्यायच्याच संघातून. पुढं दिल्ली, चेन्नई, अन् २०२२ मध्ये मुंबई. २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू. तुम्ही मुंबईवाले म्हणता, आमचा छांगटे. ज्या अकॅडमीनं त्याले पहिले बूट दिले असतील तिचं नाव पाठीराख्यायपैकी किती जणायले माहीत हाये?

भाचा : नाव लक्षात ठेवल्याने अकॅडमी चालत नाही. ती बंद पडली कारण खर्चाला मिळकत नव्हती.

मामा : मिळकत काहून नव्हती, तेच तं मी म्हणतो. आपल्या सोयाबीनचंच घे. घरचं बियाणं ठेवलं तं दोन-तीन वर्षं चालते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, सत्तर उगवले की पेरायचं. ज्याले हा कुटाणा नको तो दरवर्षी कृषी केंद्रातून पिशवी आणते. उगवते दोन्ही. फरक एवढाच, की ज्या साली पिशवी मिळत नाही त्या साली घरचंवाला पेरते अन् दुसरा रांगेत उभा राहते.

भाचा : आणि घरचं बियाणं सत्तरच्या जागी चाळीसच उगवलं तर दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या माथी? क्लबलाही तेच. शंभरातली तीन पोरं वर येतात. बाकी सत्त्याण्णवांचा जेवणाखाण्याचा, कोचचा, मैदानाचा खर्च आहेच. घणसोलीला रिलायन्सची अकॅडमी मी कामाच्या वाटेवर पाहतो. हिरवंगार मैदान, शाळा, वसतिगृह. तेवढा पैसा ओतायची ताकद किती जणांत आहे? आणि २०२५ ला काय झालं? लीगचे करारच अडकले, हंगाम लटकला. डिसेंबरात सिटी ग्रुपनेही मुंबईतून अंग काढलं. ज्या क्लबला पुढच्या महिन्याची खात्री नाही, त्याने बारा वर्षांच्या पोराला दहा वर्षं सांभाळायचं म्हणता?

मामा : हंगाम लटकला तवा तुह्यावाला परदेशी स्टार थांबला का? ज्यायले दुसरं दार होतं ते गेले. मागं राहिले ते इथलेच.

भाचा : हे मात्र खरं आहे.

मामा : लिहून ठेव, भाच्यानं काहीतरी मान्य केलं म्हणून.

भाचा : पण तुम्ही ज्याला घरचं म्हणता, ते कोल्हापुरातही राहिलेलं नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी, सगळी पेठांची मंडळं. शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ येऊन बसते. तिथेही नोंदणीचे दिवस आले की या तालमीचा खेळाडू त्या तालमीत जातो, नायजेरियाचे खेळाडू येतात. पेठेतला म्हाताराही म्हणत नाही की आमचीच पोरं खेळवा आणि हरा.

मामा : तालीम बाहेरचा आणते, पण पेठेतलं पोट्टं त्याच मैदानावर रोज सकाळी दिसते. अनिकेत जाधव तिथलाच. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. मंग इंडियन अॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा. पाच-सहा जर्सी घातल्या, पण त्यात मुंबईची एक बी नाही. महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा क्लब अन् कोल्हापूरचा पोरगा, मधात रस्ताच नाही. वाशीम तं लांबच राहिलं.

भाचा : भेके तर मुंबईचाच होता. २०२२ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवरचा विजयी गोल त्याचाच. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला पहिला सामना.

मामा : मुंबईचा, पण मुंबई सिटीनं घडवलेला नाही. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, बंगळुरू करत करत तिशीत तुमच्याकडं आला. घरच्या पोट्ट्याले बी तुम्ही बाजारातूनच आणलं!

भाचा : बरं, मुंबईचं राहू द्या. वाशीमचं सांगा. तुम्ही इतकी वर्षं शिटी वाजवली. काय झालं?

मामा : सांगतो. शाळांच्या सुब्रतो कपाची तालुक्याची फेरी पावसाळ्यात लागते. आपली काळी माती. एक जोरदार सर आली की मैदानाचा चिखल. बॉल लाथाडला तं दोन हातावर जाऊन चिकटते. बूट असलेलं पोट्टं रडते, कारण बुटाले शेर शेर माती. अनवाणी पोट्टं पळते. उन्हाळ्यात त्याच मैदानाले भेगा, पाय मुरगळते. अशात तालुका जिंकायचा, जिल्हा जिंकायचा, मंग अमरावती विभागाले जायचं. तिथं अकोला-अमरावतीचे पोट्टे वर्षभर सराव केलेले. आमचे एक महिना केलेले. अन् परत आलं की बाप विचारते, सर, दहावीले क्रीडागुण मिळते ना? मिळते म्हटलं की पोट्टं सुटलं. पुढं कोणी विचारत नाही.

भाचा : सप्टेंबर २०१७ मध्ये तर सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते. एका दिवसात दहा लाख मुलं खेळवायची म्हणून.

मामा : १५ सप्टेंबर. मोठा दिवस होता, खोटं काहून बोलू? ज्या शाळेत बॉल नव्हता तिथं बॉल आला, पोरी बी खेळल्या. पण बॉल आला, दुसऱ्या वर्षीचा सामना नाही आला. खेळाडू एका दिवसात होत नाही. बारा ते सोळा, चार-पाच वर्षं दर आठवड्याले सामना पाहिजे. ते काम फुकट करणारा मास्तर असतो. एखादं पोट्टं खरंच चांगलं निघालं की मोठ्या शहरातून कोणीतरी येते अन् घेऊन जाते. मास्तराले काय? शाल अन् नारळ.

भाचा : आता माझं ऐका. शाल-नारळाच्या पलीकडचा नियम आहे, पण तुम्ही मास्तर मंडळी तो वाचतच नाही. फिफाचा नियम आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवलेल्या क्लबांत वाटायचे.

मामा : सगळ्यायले सारखे?

भाचा : नाही. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी वर्षाला पाव टक्का. सोळा ते तेवीस या आठ वर्षांसाठी वर्षाला अर्धा टक्का. एक अधिक चार, पाच टक्के. समजा आपल्या तालुक्यातला पोरगा पुढे मोठा झाला आणि परदेशी क्लबने त्याच्यासाठी एक कोटी मोजले. बारा ते पंधरा तो तुमच्याकडे खेळला असेल तर तुमचा हिस्सा एक लाख.

मामा : एक लाखात दोन वर्षांचे बॉल अन् जाळ्या येतात. मुरूम बी पडते मैदानावर.

भाचा : येतात. पण तुम्हाला मिळणार नाहीत.

मामा : काहून?

भाचा : कारण हिस्सा क्लबला मिळतो, संघटनेशी संलग्न असलेल्या. तुमची नुसती शाळा. हजेरीपटावर पोराचं नाव आहे, फुटबॉल महासंघाच्या नोंदीत नाही. तिथे तो जन्मतो सतराव्या वर्षी, ज्या शहरातल्या अकॅडमीने त्याला पहिल्यांदा नोंदवलं तिथे. त्याआधीची चार वर्षं कागदावर कोणाचीच नाहीत.

मामा : म्हणजे माह्या घामाची पावतीच फाडलेली नाही.

भाचा : तेच. आणि आणखी एक गोष्ट. आपल्या देशात बहुतेक खेळाडू करार संपल्यावर मोकळे जातात. रक्कमच नाही तर टक्के कशाचे? देशातल्या देशात महासंघाचे वेगळे नियम आहेत, पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो, तेव्हा पोराची नोंद कोणत्या क्लबकडे होती? तुम्ही क्लबला दोष देता की घडवत नाही, विकत घेतो. मी म्हणतो, विकत घेऊ द्या. विकत घेणाऱ्याकडूनच घडवणाऱ्याला पैसे मिळू शकतात. फक्त घडवणाऱ्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं पाहिजे.

मामा : तुह्या बोलण्यात दम हाये. पण मी माह्यावालं सोडत नाही. पैसा मिळाला म्हणून घडवणं सुरू होत नाही. घडवणारा आधी वेडा लागते, पावती मागून येते. मुंबईसारख्या क्लबनं निदान राज्यात फिरून पाहावं. विदर्भात वर्षातून एक ट्रायल घ्यावी. समृद्धीवरून आता किती वेळ लागते?

भाचा : जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडला. दिवसभरात येणं-जाणं होतं.

मामा : मंग गोव्याहून अर्धा संघ उचलणाऱ्याले शेलूबाजारले उतरायले काय झालं?

भाचा : उतरतील, इथे पाहण्यासारखा नियमित सामना असेल तर. महिनाभराच्या सरावावर कोणी माणूस पाठवणार नाही. आणि तरीही पुढच्या हंगामात मला मधल्या फळीत तयार माणूस पाहिजे.

मामा : अन् मले त्याच्या बाजूले एकोणीस वर्षांचं पोट्टं पाहिजे. बेंचवर नाही, मैदानात.

या दोघांचं एकमत होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. मुंबई सिटीने जिंकलेली २०२१ ची फायनल पाहिली तर दोघांनाही आपापला पुरावा सापडतो. तयार परदेशी खेळाडूने बॉल दिला आणि दोन वर्षं बाकावर बसून वाढलेल्याने गोल केला. तेव्हा क्लबने काय करावं हा वाद चालू राहील, राहावा. वाशीमसारख्या जिल्ह्याच्या हातात तो निर्णय नाहीच.

आपल्या हातात आहे ते नोंदणीचं काम. जून-जुलैत शाळा सुब्रतो कपासाठी संघ निवडतात. त्याच सुमारास तालुक्यातल्या दोन-चार शाळांनी मिळून एक साधा क्लब काढावा, धर्मादाय आयुक्तांकडे तो नोंदवावा, जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडून घ्यावा आणि बारा वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीची महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत नोंद करावी. जन्मदाखला, आधार, फोटो, पालकांची सही, एवढाच हा व्याप आहे. मग रविवारचा सामना लावावा, पाऊस उघडला की मुरमाच्या मैदानावर. क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी एवढं करावं. यातली बहुतेक मुलं कुठल्याच क्लबात जाणार नाहीत, त्यांच्या वाट्याला खेळ येईल आणि तेवढं पुरेसं आहे. पण एखादं गेलंच, तर त्याची पहिली चार वर्षं वाशीम जिल्ह्याच्या नावावर असली पाहिजेत.